रानटी नातलगांशी संकर करून रोगप्रतिकारक बटाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बटाट्याच्या पैदाशीबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची एका जागी मांडली. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, पुढचे हात मातीत घालून फसलेल्यांचे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बटाट्याचे ‘रानटी नातलग’ म्हणजे कोण? रताळं त्यात येतं का?

रताळं नाही. ते गारवेलीच्या कुळातलं. बटाट्याशी त्याचं नातं फक्त भाजीच्या टोपलीपुरतं. बटाटा सोलॅनम प्रजातीतला, म्हणजे वांगं आणि टोमॅटो हे त्याचे भाऊबंद. पण पैदाशीच्या बोलण्यात ‘रानटी नातलग’ म्हटलं की जमिनीखाली कंद धरणाऱ्या सोलॅनमच्या रानजाती अभिप्रेत असतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागापासून मेक्सिको आणि अँडीज पर्वतरांगांतून थेट चिली-अर्जेंटिनापर्यंत त्या आपोआप उगवतात. जुन्या वर्गीकरणात त्या २२८ मोजल्या होत्या. नव्या वर्गीकरणाने पुष्कळ नावं एकत्र करून १०७ ठेवल्या. त्यामुळे जुन्या कागदपत्रांत एक नाव आणि आजच्या पाकिटावर दुसरंच, असा घोळ होतो. घाबरू नका, पाकिटावरचा संग्रह क्रमांक, म्हणजे बी जपणाऱ्या जनुकपेढीने त्या नमुन्याला दिलेला क्रमांक, महत्त्वाचा.

२. बटाटा तर कंद लावूनच वाढवतात. मग संकराचा प्रश्न येतो कुठे?

कंद लावला की तेच झाड पुन्हा उगवतं, जसंच्या तसं. नवं काही हवं असेल तर फुलाकडे जावं लागतं. बटाट्याला टोमॅटोसारखं हिरवं, गोलसर फळ धरतं आणि त्यात बारीक चपटं बी असतं. एका फळात दोनशे-तीनशेही निघतं. यातलं प्रत्येक बी वेगळं झाड देतं. पैदासकार त्यातून एक झाड निवडतो आणि मग ते कंदांनी वाढवत नेतो. म्हणजे निवड एकदाच करायची, पण ती हजारो रोपांतून. (ही फळं विषारी आहेत. घरात लहान मुलं असतील तर वेळीच तोडून टाका.)

३. आहेत त्या वाणांचाच आपसांत संकर करून भागत नाही का?

काही बाबतींत भागतं, रोगाच्या बाबतीत फारसं नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बटाटा युरोपात गेला तो मोजक्या झाडांच्या रूपाने, आणि पुढचा जगभरचा पसारा बऱ्याच अंशी त्या थोड्या पुंजीवर उभा राहिला. १८४५ मध्ये उशिरा येणारा करपा आयर्लंडमध्ये पोचला तेव्हा त्याला अडवील असं शेतात काहीच नव्हतं. सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथींनी गेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्यानंतर लोकांनी लागवडीच्या वाणांतून तगलेली झाडं निवडून पाहिली. थोडा फरक पडला, पण ठाम प्रतिकार सापडला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मेक्सिकोतल्या सोलॅनम डेमिसम या रानजातीत.

तरीही एक अपवाद सांगून ठेवतो. अँडीजमधल्या शेतकऱ्यांचे पारंपरिक वाण रानटी नाहीत, पण युरोपच्या पुंजीबाहेरचे आहेत, आणि त्यांतही सोनं आहे. मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमी या बारीक जंतांविरुद्धचं प्रसिद्ध एच१ जनुक तिथूनच आलं (प्रश्न १७). रानात जाण्याआधी तिथे शोधा. पुढचा निम्मा त्रास वाचतो.

४. कोणत्या रोगासाठी कोणती रानजात वापरतात?

उशिरा येणाऱ्या करप्यासाठी यादी सर्वांत लांब आहे. डेमिसममधून आर१ ते आर११ अशी अकरा जनुकं मोजली गेली. त्यानंतर बल्बोकॅस्टॅनम. ही मेक्सिको-ग्वाटेमालातली साध्या, न कातरलेल्या पानांची जात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती बटाट्याची वाटतच नाही. तिच्यातलं आरबी नावाचं जनुक २००३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे वेगळं काढलं. दक्षिण अमेरिकेतल्या व्हेन्ट्युरीमधूनही चांगलं जनुक मिळालं आहे.

विषाणूंचं गणित निराळं. वाय विषाणूसाठी स्टोलोनिफेरम आणि चॅकोएन्स, एक्स विषाणूसाठी अकॉले. पान गुंडाळणाऱ्या विषाणूसाठी एट्युबेरोसम, जिला कंदच येत नाहीत! स्टोलोनिफेरमचं जनुक असलेल्या झाडात वाय विषाणू टोचला तरी तो वाढतच नाही, आणि हा प्रतिकार अनेक दशकं टिकून आहे. करप्याच्या जनुकांची रडकथा (प्रश्न १५) ऐकून निराश झालेल्यांना मी हे उदाहरण देतो.

पिवळसर पांढऱ्या पुटी धरणाऱ्या पॅलिडा सूत्रकृमीसाठी व्हर्नेई. जिवाणूजन्य मर रोगासाठी कोमर्सोनी, पण तिचा थेट संकर होत नाही. आणि बर्थॉल्टीच्या पानांवर चिकट द्रव सोडणारे केस असतात, त्यांत मावा अडकून मरतो. विषाणू पसरवणारा वाहकच थोपतो. हा मला सर्वांत देखणा उपाय वाटतो, मात्र व्यवहारी वाणात तो उतरवताना लोकांच्या नाकी नऊ आले.

५. रानात वाढणाऱ्या झाडात हा प्रतिकार आला कुठून?

रोगाबरोबर राहून. मेक्सिकोतल्या टोलुका खोऱ्यात करप्याचा जंतू आणि रानटी बटाटे फार जुने शेजारी आहेत. तिथे त्या जंतूचे ए१ आणि ए२ हे दोन्ही जोडीप्रकार एकत्र नांदतात, त्यांचं मीलन होतं आणि दर हंगामाला नव्या जातकुळीचा जंतू पुढे येतो. जी झाडं त्याला ओळखू शकली नाहीत ती संपली. जगाच्या उरलेल्या भागात बराच काळ फक्त ए१ होता. मेक्सिकोबाहेर ए२ सापडल्याची पहिली नोंद १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमधून झाली.

६. रानटी जात माझ्या वाणाशेजारी लावली तर मधमाश्या संकर करून देतील का?

जवळपास नाहीच. बटाट्याच्या फुलात मध नसतो, त्यामुळे मधमाशी तिकडे फिरकत नाही. परागकण परागकोशाच्या टोकाच्या भोकातून हादऱ्याने बाहेर पडतात. तो हादरा देणारे भुंगे-बंबलबी काही भागांत असतात, काही भागांत नाहीत. आणि लागवडीचा बटाटा स्वतःच्या परागाने फळ धरू शकतो. शेजारी लावून मिळालेलं फळ बहुतेक वेळा त्याचं स्वतःचंच निघतं. हाताने करा (प्रश्न ८).

७. माझ्या झाडाला कळ्या येतात, पण फुलण्याआधीच गळतात. काय करू?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच. झाड आपली सगळी ताकद जमिनीखाली कंदात घालत असतं, वर फुलाला काही उरत नाही. म्हणून कंद धरूच द्यायचे नाहीत.

जुनी युक्ती विटेची आहे. वीट मातीवर ठेवा, तिच्यावर मोड आलेला बटाटा ठेवा आणि वरून वाळूमिश्रित मातीचा ढीग करा. मुळं विटेच्या चहूबाजूंनी खाली मातीत उतरली, झाडाने जोम धरला, की पाण्याच्या धारेने तो ढीग हळूहळू धुऊन काढा. आता झाड विटेवर उघडं बसलेलं दिसतं: मुळं खाली गेलेली, आणि पांढरी स्टोलन, म्हणजे टोकाला कंद धरणारी आडवी खोडं, हवेत लोंबणारी. ती दर तीन-चार दिवसांनी नखाने खुडत राहायचं. दुसरा मार्ग म्हणजे बटाट्याचा शेंडा टोमॅटोच्या खुंटावर कलम करणं. खाली कंद धरायची सोयच राहत नाही. दोन्हींत १६ तासांचा दिवस आणि थंड रात्री मिळाल्या तर फुलोरा टिकतो. उन्हाळ्याच्या झळांत हे करू नका, परागही निकामी होतो.

काही वाण मात्र मुळातच नर-वंध्य असतात. त्यांना कितीही विटांवर बसवलं तरी पराग मिळणार नाही. त्यांना आईच करायचं.

८. हाताने संकर नेमका कसा करायचा?

आईची कळी अशी निवडा की पाकळ्यांचा रंग दिसायला लागलाय पण कळी मिटलेली आहे. उद्या उमलणार अशी. बारीक चिमट्याने पाकळ्या बाजूला सारून पाचही परागकोश बुंध्यापासून एकेक काढा. मधला हिरवा दांडा, म्हणजे कुक्षीवृंत, दुखावता कामा नये. चिमटा लागला की काही वेळात तो तपकिरी पडतो आणि सगळं वाया जातं. एका घोसातल्या चार-पाच कळ्या ठेवून बाकीच्या खुडा.

बापाची फुलं आदल्या दिवशी तोडून परागकोश कागदावर रात्रभर सुकवा. सकाळी ते छोट्या डबीत घालून हलवले की पिवळसर भुकटी पडते. औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये ती भरून ठेवतात, आणि कॅप्सूलच कुक्षीला, म्हणजे त्या दांड्याच्या टोकाला, टेकवतात. ब्रशपेक्षा हे स्वच्छ. लगेच दोरा बांधून आई, बाप आणि तारीख लिहा. ‘लक्षात राहील’ म्हणून सोडलेलं माझं एक अख्खं वर्ष चिठ्ठीविना गेलं आहे.

आठवडाभरात देठ फुगला तर फळ धरलं. तीन-चार आठवड्यांनी त्याला मलमलची पिशवी बांधा, नाहीतर ते गळून पालापाचोळ्यात हरवतं. सहा ते आठ आठवड्यांनी मऊ पडलं की बी धुऊन वाळवा. ताजं बी झोपलेलं असतं. जिबरेलिक आम्लाच्या १५०० पीपीएम द्रावणात २४ तास भिजवलं की जागं होतं.

९. फळ छान धरलं, पण कापलं तर आत बी नाही किंवा पोकळ आहे. चुकलं कुठे?

हाताचं चुकलं नाही, हिशेब चुकला. बीच्या आत भ्रूणाला पोसणारा भ्रूणपोष असतो. त्यात आईचा वाटा दोन आणि बापाचा एक, हे प्रमाण जमलं तरच तो वाढतो. नाहीतर भ्रूण उपाशी मरतो. पण हा वाटा निव्वळ गुणसूत्रांच्या संख्येवरून ठरत नाही, प्रत्येक जातीचं स्वतःचं ‘वजन’ असतं. त्याला भ्रूणपोष समतोल अंक म्हणतात. १९८० मध्ये ही कल्पना मांडली गेली आणि आधीची अनेक न सुटलेली कोडी सुटली.

लागवडीच्या बटाट्यात ४८ गुणसूत्रं, चार संच, आणि अंक ४. डेमिसममध्ये ७२ गुणसूत्रं, सहा संच, पण अंक तोच ४. म्हणून ती थेट जुळते. सर्वांत आधी तीच का वापरली गेली याचं उत्तर इथे आहे. अकॉले आणि स्टोलोनिफेरम चार संचांच्या असूनही त्यांचा अंक २. दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक दोन संचांच्या जातींचाही अंक २. बल्बोकॅस्टॅनम, कोमर्सोनी आणि एट्युबेरोसमचा अंक १, म्हणजे दार जवळजवळ बंद. दोन्हींचे अंक जुळवून घ्या, मगच चिमटा हातात घ्या.

१०. अंक जुळत नसतील तर जुळवता येतात का?

येतात, दोन्ही बाजूंनी. रानटी बाजू वर न्यायची असेल तर कोल्चिसीन या रसायनाने गुणसूत्रं दुप्पट करतात, अंकही दुप्पट होतो. काही रानटी झाडं निसर्गतःच अधूनमधून न अर्धावलेले, पूर्ण गुणसूत्रांचे परागकण देतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते इतरांपेक्षा मोठे दिसतात. असं झाड सापडलं तर जपून ठेवा.

लागवडीची बाजू खाली आणायची असेल तर चार संचांच्या बटाट्यावर फ्युरेजाच्या, म्हणजे अँडीजमधल्या दोन संचांच्या लागवडीच्या बटाट्याच्या, खास निवडलेल्या झाडाचा पराग टाकतात. त्याचा वाटा भ्रूणपोषात जातो आणि काही बियांत आईचं बीजांड फलित न होताच वाढतं. २४ गुणसूत्रांचं रोप मिळतं. खरा संकर कुठला आणि असं रोप कुठलं हे ओळखायची सोय बियांतच असते: त्या परागदात्यात जांभळ्या ठिपक्याचं प्रभावी जनुक असतं, म्हणून ठिपका असलेलं बी फेकायचं, बिनठिपक्याचं पेरायचं.

खातरजमा घरगुती सूक्ष्मदर्शकानेही होते. पानाच्या खालच्या बाजूची पातळ साल ओढून काढा आणि पर्णरंध्राच्या एका रक्षक पेशीतले हिरवे कण मोजा. दोन संचांच्या रोपात साधारण ७-८ भरतात, चार संचांच्या रोपात १२-१४ च्या आसपास. एका पेशीवर विसंबू नका, दहा तरी मोजा.

११. मग बल्बोकॅस्टॅनम लागवडीत आली कशी?

पूल बांधून. नेदरलँड्समध्ये आधी अकॉले आणि बल्बोकॅस्टॅनमचा संकर केला. निघालेलं तीन संचांचं वांझ रोप कोल्चिसीनने सहा संचांचं केलं. ते फ्युरेजाशी जुळवलं. आणि त्यातून आलेलं चार संचांचं रोप शेवटी लागवडीच्या बटाट्याशी. १९७३ मध्ये या चौपदरी संकराची माहिती प्रसिद्ध झाली. त्यातून पुढे ‘बायोनिका’ आणि ‘टोलुका’ हे वाण निघाले. पहिल्या संकरापासून वाणापर्यंत लागलेला काळ ४६ वर्षं असा सांगतात. ज्याने पहिली कळी उघडली त्याने शेवटचं पीक निवृत्तीनंतर पाहिलं असणार.

दुसरा रस्ता फुलाला वळसा घालून जातो. दोन्ही झाडांच्या पेशींच्या भिंती विकरांनी विरघळवायच्या आणि उघड्या पेशी एकमेकींत मिसळवायच्या. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये बल्बोकॅस्टॅनमबाबत हे जमलं आणि आरबी जनुकापर्यंत पोचायला तेच झाड कामी आलं. हे काम ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेचं आहे, परसबागेचं नाही.

१२. रानटी झाड आई करावं की बाप?

सहज धरतंय म्हणून कुठल्याही बाजूने करू नका. डेमिसमला आई केलं की फळ पटकन धरतं, उलट केलं तर त्रास होतो. पण पेशीद्रव्य आईकडून येतं, आणि डेमिसम किंवा स्टोलोनिफेरमच्या पेशीद्रव्यातली रोपं पुष्कळदा नर-वंध्य निघतात. मग ती पुढे नुसती आईच राहू शकतात, आणि दोन चांगली प्रतिकारक झाडं एकमेकांशी जुळवायची वेळ आली की दोन्हीकडे पराग नाही. कित्येक युरोपीय वाण असे अडकलेले आहेत. शिवाय स्वतःचा पराग नाकारणाऱ्या रानजाती स्वतःचा पराग स्वीकारणाऱ्या जातीचाही पराग कुक्षीवृंतातच अडवतात, म्हणून त्यांना बाप करणं बरं.

१३. पहिल्या पिढीला कंद गोटीएवढे आले, तेही झाडापासून हातभर लांब. संकर फसला का?

नाही, असाच असतो. रानटी झाडाला कंद दूर पसरवायचे असतात, म्हणून स्टोलन लांब. आणि त्याला दिवस लहान झाल्यावरच कंद धरायची सवय असते. मोठ्या दिवसांत ते नुसतं पाल्याने माजतं. डेमिसमच्या पहिल्या संकरात ६० पैकी ३६ गुणसूत्रं रानटी असतात, मग बटाटा रानासारखाच येणार. निवड करताना या पिढीत कंदाकडे बघूच नका. रोगाकडे बघा, फुलाकडे बघा आणि पुढे जा.

१४. मग लागवडीच्या वाणाशी किती वेळा परत संकर करायचा?

हीच खरी मेहनत. हवं असतं एक जनुक, पण वराबरोबर वऱ्हाड येतं: कडूपणा, खोल डोळे, उशीर, लांब स्टोलन. दर बॅकक्रॉसला रानटी वाटा सरासरीने निम्मा होतो, पण हव्या जनुकाला अगदी चिकटून बसलेला तुकडा लवकर सुटत नाही. तीन-चार, कधी पाच-सहा पिढ्या लागतात.

एक चूक पुस्तकी माणसं हमखास करतात. गव्हा-टोमॅटोसारखं दर वेळी त्याच वाणाशी बॅकक्रॉस करतात. बटाट्याला जवळच्या नात्यातला संबंध सोसत नाही. रोपं खुरटतात आणि दोष रानटी जातीला दिला जातो. दर पिढीत वेगळा चांगला वाण घ्या.

नेहमीच्या दोन वाणांच्या संकरातूनही नवा वाण निघायला दहा-बारा वर्षं लागतात, आणि लाखभर रोपांतून एखादं टिकतं असं पैदासकार म्हणतात. रानाची वर्षं त्याच्या आधीची. मार्कर, म्हणजे जनुकाची खूण दाखवणाऱ्या डीएनए चाचण्या, वापरले तर रोपटं चार पानांचं असतानाच जनुक आहे की नाही ते कळतं आणि जागा वाचते. हे काम अजून चालू आहे: पेरूमध्ये २०२१ साली ‘सीआयपी-मॅटिल्डे’ हा करपाप्रतिकारक वाण आला तो रानटी नातलगांच्याच संकरातून.

१५. प्रतिकारक वाण मिळालं की फवारणी कायमची बंद?

बंद केलीत तर काही वर्षांत पस्तावाल. डेमिसमची जनुकं एकेकटी शेतात सोडली गेली आणि एकेक करून निकामी झाली. कारण असं: आर जनुक म्हणजे जंतूचा एक ठरावीक प्रथिनी ‘चेहरा’ ओळखणारा पहारेकरी. चेहरा दिसला की तिथल्या पेशी स्वतःला मारून जंतूला कोंडतात. जंतूने चेहरा बदलला किंवा टाकून दिला, की पहारेकरी जागच्या जागी उभा आणि चोर घरात.

म्हणून एकाच झाडात अनेक जनुकं गोळा करतात. जंतूला एकाच वेळी सगळे चेहरे बदलणं अवघड जातं. हंगेरीतल्या पैदाशीतून आलेल्या ‘सार्पो मिरा’मध्ये निदान पाच प्रतिकार जनुकं सापडली आहेत, आणि ती टिकली. प्रतिकारक वाणावरही करप्याचं हवामान असताना थोड्या फवारण्या ठेवणं हा कमकुवतपणा नाही. त्या जनुकांचं आयुष्य वाढवतात.

१६. पानावर प्रयोग करून प्रतिकार ओळखता येतो का?

येतो. झाडाच्या मधल्या भागातली पानं घ्या, अगदी कोवळी किंवा जून नकोत. ओल्या कागदावर उलटी ठेवा आणि खालच्या बाजूला जंतूच्या बीजाणूंच्या पाण्याचा थेंब टाका. ते पाणी आधी तासभर थंड ठेवलं की बीजाणूंतून पोहणारे कण बाहेर येतात. डबी १५ ते १८ अंशांवर झाका. पाचव्या-सहाव्या दिवशी बळी पडणाऱ्या पानावर तेलकट काळा डाग आणि भोवती पांढरी लव दिसते; ठाम प्रतिकार असेल तर थेंबाखाली टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका, बस्स. जंतू मात्र आपल्याच भागातला घ्या. दुसरीकडचा मागवून मोकळा सोडणं हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे, आणि ठिकठिकाणी बेकायदाही.

दोन ठिकाणी हा प्रयोग फसवतो. पानं वाचतात म्हणून कंद वाचतीलच असं नाही. आरबी जनुकाने पानांना दिलेलं संरक्षण कंदांना तितकं मिळालं नाही असं दिसून आलं. आणि शेतातल्या पाहणीत उशिरा पिकणारं झाड नेहमीच जास्त प्रतिकारक भासतं, कारण हिरवंगार पान करप्याला उशिरा बळी पडतं. लवकर पिकणाऱ्यांची तुलना लवकर पिकणाऱ्यांशीच करा, नाहीतर नकळत फक्त उशीर निवडाल.

१७. प्रतिकारक वाणामुळे उलट नुकसान झालं असं कधी घडलंय?

घडलंय. एच१ जनुक असलेले वाण, त्यात १९६६ चा ‘मॅरिस पायपर’ही आला, ब्रिटनमध्ये फार लोकप्रिय झाले. सोनेरी सूत्रकृमीला त्या जनुकाने आजवर चांगलं रोखलं. पण त्याची बहीण पॅलिडा एच१ ला जुमानत नाही. प्रतिस्पर्धी हटल्यावर तिला रान मोकळं मिळालं आणि आज तिथे तीच मोठी डोकेदुखी आहे. जनुक हरलं नाही, शत्रू बदलला.

दुसरा धोका मर रोगाचा. काही ‘प्रतिकारक’ झाडं सुकत नाहीत, पण जिवाणू अंगात बाळगतात. दिसायला निरोगी कंद बियाणं म्हणून जातो आणि रोग नव्या शेतात पोचतो. विचारताना ‘झाड सुकत नाही ना’ एवढंच विचारू नका, ‘जिवाणू आत वाढतो का’ हेही विचारा.

१८. संकरातले कंद चाखून बघू का?

सोलॅनिन आणि त्याच्या भावंडांची, म्हणजे ग्लायकोअल्कलॉइड या विषांची, तपासणी झाल्याशिवाय नको. अमेरिकेत १९६७ मध्ये ‘लेनापे’ नावाचा वाण आला. पूर्वजांत चॅकोएन्स, चिप्ससाठी अप्रतिम. पण कंदांत ग्लायकोअल्कलॉइड जास्त निघाले आणि १९७० मध्ये तो मागे घ्यावा लागला. सर्वसाधारण मर्यादा १०० ग्रॅम ताज्या बटाट्यात २० मिलिग्रॅम. उकडून-तळून हे विष जात नाही. जीभ चरचरली, घशात जळजळ झाली तर थुंका. ‘लेनापे’ मात्र पूर्ण वाया गेला नाही: त्याच्यापासून पुढे ‘अटलांटिक’ निघाला, तो चिप्सच्या कारखान्यांत आजही आहे.

१९. हे जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेलं पीक, आहे का?

संकर असेल तर नाही. पेशी मिसळवण्याचं प्रकरण देशोदेशीच्या कायद्यांत निराळं मानलं जातं. रानटी बटाट्याचं जनुक प्रयोगशाळेत उचलून थेट प्रस्थापित वाणात घातलं तर मात्र ते जीएम, जनुक बटाट्याचंच असलं तरी. त्याचा फायदा उघड आहे: वऱ्हाड येत नाही आणि वाण तोच राहतो. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनमध्ये २००६ ते २०१५ असा प्रकल्प चालला. युगांडासाठी ‘व्हिक्टोरिया’ वाणात बल्बोकॅस्टॅनमची दोन आणि व्हेन्ट्युरीचं एक अशी तीन जनुकं एकदम घातली गेली. संकराने हे करायचं तर एक आयुष्य कमी पडलं असतं. माझं मत विचारता म्हणून सांगतो: दोन्ही हवेत. जनुक कुठलं चांगलं हे कळायला रानात आणि संकरातच जावं लागतं.

२०. ‘दोन संचांचा बटाटा’ हल्ली फार ऐकू येतो. त्याचा इथे काय संबंध?

मोठा संबंध. चार संचांत एखादं जनुक पक्कं करणं म्हणजे चार खिशांत तेच नाणं येण्याची वाट बघणं. दोन संचांत काम सोपं होतं, पण दोन संचांचे बटाटे स्वतःचा पराग नाकारतात, म्हणून शुद्ध ओळी तयार होत नव्हत्या. हा अडथळा काढणारं एसएलआय जनुकही चॅकोएन्स या रानजातीतच सापडलं. १९९८ मध्ये त्याची नोंद झाली. आता शुद्ध ओळी करून मक्यासारखं संकरित बी बनवण्याचे प्रयत्न नेदरलँड्स आणि चीनमध्ये जोरात आहेत. प्रश्न १४ मधली ‘त्याच वाणाशी बॅकक्रॉस नको’ ही सूचना अशा शुद्ध ओळींना लागू नाही.

२१. रानटी जातींचं बी मिळतं कुठून? कायद्याची अडचण आहे का?

लिमातलं आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र, स्कॉटलंडमधला कॉमनवेल्थ बटाटा संग्रह, अमेरिका, जर्मनी, नेदरलँड्स यांच्या जनुकपेढ्या. बटाटा आंतरराष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा कराराच्या यादीत आहे, त्यामुळे ठरावीक करारपत्रावर सही करून देवाणघेवाण होते. एक गंमत: त्या यादीत फ्युरेजा नावानिशी वगळलेली आहे. प्रश्न १० आणि ११ वाचून तीच मागवायला निघाला असाल तर अटी आधी विचारा.

आयातीची परवानगी लागतेच. ‘कंद नाही, नुसतं बी आहे, त्यातून रोग येत नाही’ असं अनेकजण सांगतात. ते बहुतांशी खरं आहे, पूर्ण नाही. करपा आणि सूत्रकृमी बीतून येत नाहीत. बटाट्याचा स्पिंडल ट्यूबर व्हायरॉइड (विषाणूहूनही लहान रोगकारक) मात्र बीतूनही येतो आणि परागातूनही. झाडावर काही दिसत नाही, कंद फक्त लांबट, चात्यासारखे होतात, आणि ते रानटी रक्ताचं लक्षण समजून सोडून दिलं जातं. नवं बी वेगळ्या जागी उगवा, चाचणीचा निकाल हातात येईपर्यंत त्या रोपांचा पराग दुसऱ्या कुठल्याही फुलाला लावू नका, आणि तिथला चिमटा तिथेच ठेवा.